एकदाच मोजलेली हद्द

उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत माझ्यामुळं एका बाईचा जिना पडला. पहार मी चालवली नाही, पण ती कुठं चालवायची हे दाखवणारा खिळा मी ठोकला होता. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात माझं काही नव्हतंच.

मी जमिनीची मोजणी करते. सरकारी नोकरी नाही, स्वतःचं लहानसं ऑफिस आहे. एक टेबल, नकाशांनी भरलेली दोन कपाटं आणि बाहेर पाटी. सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. बाकीच्या दोघी बांधकामाकडं गेल्या, मी शेतांच्या बांधांवर. सुरुवातीची वर्षं साखळी आणि झेंड्या घेऊन फिरले. उन्हात साखळी तापायची, हाताला चटके बसायचे. एका शेताला अख्खा दिवस जायचा आणि संध्याकाळी बेरीज जुळली नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यामुळं उपग्रहावरून मोजणारं यंत्र घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

आम्ही त्याला रोव्हर म्हणतो. डोक्याच्या वर जाईल एवढी उंच काठी, तिच्या टोकाला ताटलीएवढी पांढरी टोपी आणि मधे अडकवलेला मोबाइलसारखा पडदा. टोपी आकाशातल्या उपग्रहांचे संदेश झेलते, मोबाइलच्या नेटवरून दुरुस्तीचे आकडे येतात. दोन्ही जुळले की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'फिक्स' असं उमटतं. म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा बोटभर फरकानं नक्की झाली.

बिडकीनच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या तेव्हा मी तिथं वर्षभर रोव्हर घेऊन हिंडले. काळं रान, चारी बाजूंनी मोकळं, डोक्यावर अख्खं आकाश. काठी टेकवायचा अवकाश, हिरवं 'फिक्स' यायचं. एकदा एक म्हातारा शेतकरी हटून बसला, त्याच्या हद्दीचा दगड आता सापडणारच नाही म्हणून. मी नकाशावरचा कोपरा यंत्राला दिला. दोन पावलं पुढं, एक वीत डावीकडं, असं करत ते मला एका बाभळीखाली घेऊन गेलं. खणलं तर हातभर खोलीवर दगड! म्हातारा त्या दगडाकडं न बघता माझ्या काठीकडं बघत राहिला. त्या दिवशी खरं तर मीही तशीच बघत होते. यंत्रावरचा माझा विश्वास तिथं पक्का झाला, आणि त्याच्याबरोबर एक सवय हळूहळू सुटली. तीच जागा वेगळ्या वेळी पुन्हा मोजायची, टेप लावून ताडून पाहायची सवय. रानात तिची गरजच पडत नव्हती.

उस्मानपुऱ्याचं काम एका निवृत्त शिक्षकांचं होतं. उर्दू शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेले. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणू लागले. जुनं घर पाडून त्यांना दोन मजली बांधायचं होतं. पाया खणण्याआधी हद्द नक्की करून घ्यावी, शेजाऱ्यांशी नंतर वाद नको, असा त्यांचा सरळ विचार. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणी चालवणारी बाई पन्नाशीची, करमाडकडची. नवरा वारल्यापासून एकटीच गिरणी सांभाळत होती. खाली गिरणी, वर पत्र्याची राहायची खोली आणि दोन घरांच्या मधून वर जाणारा तिचा तीन फुटी जिना. वीस वर्षांचा शेजार होता तो. सरांच्या घरचं दळण सगळ्यांत आधी व्हायचं आणि ईदला शिरखुर्म्याचा डबा सगळ्यांत आधी गिरणीत जायचा.

मी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचले. गल्ली अशी की समोरून रिक्षा आली तर आपण ओट्यावर चढायचं. एका बाजूला सरांच्या घराचा उंच कठडा, दुसऱ्या बाजूला गिरणीचे पत्रे आणि समोर चार मजली नवं कॉम्प्लेक्स, वरपासून खालपर्यंत निळ्या काचा. वर पाहिलं तर आकाशाची पट्टी एखाद्या ओढणीएवढी. 'फिक्स' येईना. पाच मिनिटं गेली, सात गेली. दुपारी मला बिडकीनला पोहोचायचं होतं, तिथली माणसं थांबली होती. मी काठी थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली आणि अचानक पडदा हिरवा झाला. मला हायसं वाटलं. यंत्र दाखवेल तिकडं सरकत गेले आणि जिन्याच्या मधोमध, पहिल्या पायरीवर येऊन थांबले. तिथं दगडात खिळा ठोकला.

सरांनी चष्मा वर केला. "जिन्यात?"

"हो सर. हद्द इथून जाते. जवळपास दीड फूट जिना तुमच्या जागेत आहे."

गिरणीचा पट्टा थांबला. बाई पदराला हात पुसत बाहेर आली. भुवयांवरसुद्धा पीठ होतं. तिला सगळं पुन्हा सांगितलं. ती खिळ्याकडं बघत म्हणाली, "असं कसं व्हईल मॅडम? माझ्या सासऱ्यानं दोरी लावून बांधलाय ह्यो जिना. गल्लीतली चार माणसं उभी व्हती तवा."

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ताई, दोरी ताणते, ढिली पडते. हे यंत्र वरून मोजतं. ह्यात माणसाची चूक होत नाही."

ती परत गिरणीत गेली. कॉम्प्लेक्सच्या शेजारच्या जुन्या घराचा कोपरा नकाशावर होता. तिथून टेप लावून पाहणं दहा मिनिटांचं काम होतं. पण त्या कोपऱ्यापाशी दळणाला आलेल्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि मला घाई होती. खिळ्यावर तांबडा रंग मारला आणि मी निघाले.

पुढचं मला नंतर कळलं. सरांनी काही दमदाटी केली नाही. नकाशा घेऊन ते गिरणीत गेले, तिला समजावून सांगितलं. म्हणाले, तुम्हाला वेळ हवा तर घ्या, मी थांबतो. तिनंच सांगितलं, "मशीनच म्हनतंय तर मी काय म्हनू? पाडा." सरांच्या मजुरांनी जिना पाडला, विटा नीट रचून तिच्या दाराशी ठेवल्या. वर जायला लोखंडी शिडी लावून दिली.

दोन आठवड्यांनी सरांचा फोन आला. मागच्या कोपऱ्याचा एक कॉलम ठरवायचा होता. ह्या वेळी मी दुपारी चार वाजता गेले. गिरणीत पाणी प्यायला शिरले तर पोत्यांच्या मधे अंथरुणाची वळकटी दिसली.

"खाली झोपता का आता?"

"गुडघा लई दुखतो. शिडीवर पाय धरत नाय." तिनं सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "पीठ उडतं, खोकला येतो, बाकी काय नाय."

मी बाहेर आले आणि नवीन काम सुरू करण्याआधी यंत्र तपासायला काठी त्याच तांबड्या खिळ्यावर टेकवली. जिना गेला होता, पण पहिल्या पायरीचा दगड आणि त्यातला खिळा तसाच होता. हिरवं 'फिक्स' आलं. आकडे पाहिले आणि मला वाटलं मी चुकीची फाइल उघडली आहे. खिळा पंचेचाळीस सेंटिमीटर सरकलेला दाखवत होता. म्हणजे दीड फूट. काठी सरळ आहे का ते दाखवणारा बुडबुडा पाहिला, तो मधोमध होता. खिळा कुणी हलवला असेल म्हणून वाकून पाहिलं, दगडावरचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा 'फिक्स', आणि ह्या वेळी तिसराच आकडा.

तेव्हा मी मान वर करून नीट पाहिलं. समोरच्या काचांवर ऊन आदळून थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. जे उन्हाचं, तेच उपग्रहाच्या संदेशांचं. विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज भिंतींवर आपटून उशिरा परत येतो, तसे ते संदेश काचांवर, पत्र्यांवर आपटून वाट वाकडी करून माझ्या टोपीपर्यंत येत होते. आकाशाच्या त्या पट्टीतून सरळ येणारे थोडेच. यंत्र बिचारं मिळेल त्यावर हिशेब मांडत होतं आणि छातीठोकपणे हिरवं होत होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अभ्यासात होतं, यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतही होतं. दाट वस्तीत एकाच वाचनावर विसंबू नये, हे मी स्वतः दोन नवख्या मोजणीदारांना शिकवलं होतं.

सर खड्ड्याच्या कडेनं आले. "झालं का मॅडम?"

"मागचा कोपरा उद्या-परवा देते सर," मी म्हणाले. "नेट नीट मिळत नाही."

नेट उत्तम होतं.

घरी येताना क्रांती चौकातल्या सिग्नलवर माझ्या मनात जे आलं ते मी लपवत नाही. जिना पडून गेला आहे. बाईनं स्वतः हो म्हटलं आहे. सरांचा खड्डा खणून झालाय. मी गप्प बसले तर हे कुणाला कधीच कळणार नाही. नकाशा नीटनेटका दिसतोय, खाली माझी सही आहे. सिग्नल सुटला, मागची माणसं हॉर्न वाजवायला लागली तरी माझी गाडी जागची हलली नाही. त्या पोत्यांमधली वळकटी आणि "बाकी काय नाय" हे तिचं म्हणणं, दोन्ही डोक्यातून जाईना. एवढं मात्र मी ठरवलं की सांगायचं ते नक्की करून सांगायचं. चुकीच्या आकड्यावर दुसरा चुकीचा आकडा ठेवायचा नाही.

गल्लीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर एक मोकळं मैदान आहे. तिथं मी दोन बिंदू घेतले. प्रत्येकावर अर्धा अर्धा तास यंत्र उभं ठेवलं. सकाळी घेतले, संध्याकाळी घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले. आकडे बोटभरसुद्धा हलले नाहीत. मग तिथून टोटल स्टेशन लावून टप्प्याटप्प्यानं गल्लीत शिरायचं. हे यंत्र आकाशाकडं बघत नाही. समोर धरलेल्या आरशासारख्या भिंगावर, म्हणजे प्रिझमवर, किरण टाकून कोन आणि अंतर मोजतं. वेळ लागतो, पण काचा त्याला फसवत नाहीत.

शुक्रवार होता. दुरुस्तीसाठी लाइट गेलेली, गिरणी बंद. सर जुम्याच्या नमाजला गेलेले. प्रिझम धरायला कुणी हवं होतं. येतो म्हणालेल्या माणसानं ऐन वेळी येत नसल्याचं कळवलं. मी इकडंतिकडं बघत असताना बाई ओट्यावरून उतरली.

"मी धरू का? काम तर काय नाय आता."

मी तिला काठी सरळ कशी धरायची ते दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी धरली आणि श्वास रोखून उभी राहिली. मी म्हणाले, श्वास घेतला तरी चालतो ताई. ती हसली. मैदानापासून गिरणीपर्यंत पाच ठिकाणी ती तशीच उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यावर. चौथ्या ठिकाणी तिनं विचारलं, "पर हे परत कशाला? झालंय की मोजून."

"ताडून पाहतेय," मी म्हणाले. यंत्र उचलून पुढं निघाले.

शेवटचा बिंदू आला. त्या जुन्या घराच्या कोपऱ्यापासून टेप लावला. टेप आणि टोटल स्टेशन एकमेकांशी जुळले. हद्द जिन्याच्या बाहेरून जात होती. सासऱ्यानं दोरी बरोबर लावली होती, वर चार बोटं स्वतःच्या बाजूला सोडलीही होती.

सर नमाजहून परत आले, डोक्यावर अजून टोपी होती. मी म्हणाले, "सर, दोन मिनिटं थांबा. ताई, तुम्हीही." दोघं समोर उभी राहिली आणि मी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. "मी त्या दिवशी मोजलं ते चुकीचं होतं. जिना सरांच्या जागेत नव्हता. यंत्राला इथं नीट दिसत नाही. ते मला माहीत होतं, आणि तरी मी एकदाच मोजून निघून गेले."

आधी सर बोलले, अगदी हळू. "मॅडम, मी मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवायचो माहीत आहे? उत्तर आलं की ताळा करून पाहा. तुम्ही ताळा केला नव्हता?"

"नाही सर."

"नाही?" आता त्यांचा आवाज चढला. "अरे, मैंने इनका जीना तोड़ा! मेरे मजदूरों ने तोड़ा! बीस साल का शेजार है हमारा!" समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना कुठं बघावं कळत नव्हतं. मग ते बाईकडं वळले. "ताई, मला माफ करा. मी विचारायला पाहिजे होतं."

बाई ओट्यावर बसली. "म्हंजे जिना माझाच व्हता."

"हो ताई."

"मी सांगितलं व्हतं तुमाला. दोरीचं."

"सांगितलं होतं."

"तुमी म्हनलात दोरी ढिली पडते."

ती रडली नाही, ओरडली नाही. उठून दाराशी रचलेल्या विटांकडं गेली आणि वरची एक वीट उलटीपालटी करून पाहू लागली. "ह्यातल्या निम्म्या तर फुटल्यात," ती म्हणाली.

जिना मी बांधून दिला. माझ्या ओळखीचा गवंडी आणला आणि पूर्ण काम होईपर्यंत रोज सकाळी तासभर तिथं थांबले. हद्दीची दोरी मी लावली. ती दोरी बाईनं दोन्ही टोकांना स्वतः ओढून पाहिली. मग गवंड्याला म्हणाली, "पायऱ्या बुटक्या कर बाबा. गुडघा वर व्हत नाय." बुटक्या केल्या तर पायऱ्या वाढतात, जागा पुरत नाही. शेवटी वरच्या अंगाला जिना वळवला आणि जुन्यापेक्षा तीन पायऱ्या जास्त बसवल्या. पाणी मारून वाळेपर्यंत ती खालीच झोपली. पहिल्यांदा चढली तेव्हा मी तिथं नव्हते. गवंड्यानं सांगितलं, मधल्या पायरीवर बसून तिनं गल्ली पाहिली आणि मग वर गेली.

सरांचं घर दीड फुटानं अरुंद झालं. पुढच्या खोलीचा नकाशा बदलावा लागला, ठेकेदार कुरकुरला, खणलेला चर पुन्हा भरावा लागला. त्यांनी माझं काम काढून घेतलं नाही, पण दुसऱ्या एका मोजणीदाराकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्याची रेघ माझ्या दुसऱ्या रेघेशी जुळली. सरांनी मोबाइलवर एवढंच लिहून पाठवलं: 'ताळा बरोबर.' त्यानंतर त्यांच्या दारात मी तीन-चार वेळा गेले. पूर्वी चहा झाल्याशिवाय सोडायचे नाहीत. आता उभ्या उभ्या बोलायचे, नीट बोलायचे, पण खुर्ची पुढं करायचे नाहीत. मला ते बरोबरच वाटलं.

ह्यानंतर वस्तीतल्या प्रत्येक कामाला मी दोनदा जाऊ लागले, एकदा सकाळी, एकदा दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी. नकाशाच्या कोपऱ्यात दोन्ही वेळा लिहू लागले. काही गिऱ्हाइकांना ते वेळकाढूपणाचं वाटतं. एक जण तोंडावर म्हणाला, दुसरीकडं अर्ध्या तासात होतं. होतही असेल. तो दुसरीकडं गेला.

दीडेक वर्षानं गिरणीवाल्या बाईचा फोन आला. माहेरच्या शेतात भावांनी तिचा हिस्सा द्यायचं कबूल केलं होतं. करमाडच्या पलीकडं, जालना रोडपासून आत.

"मोजायचं हाय. तुमी याल का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी? ताई, दुसरं चांगलं माणूस देते मी तुम्हाला."

"नगं. तुमीच या."

"का?"

मागं गिरणी चालू होती. "तुमाला आता चुकायचं भ्या बसलंय. मला तसंच मानूस पायजे."

मी गेले. डोक्यावर कुठंही न अडणारं आकाश, कपाशीची वेचणी झालेली, एका टोकाला भावांची मोटारसायकल. काठी टेकवली, लगेच हिरवं 'फिक्स'. सगळे कोपरे दोन तासांत झाले. बाई बांधावर बसून प्रत्येक खुंटीकडं बघत होती. धाकटा भाऊ म्हणाला, "झालं ना मॅडम? मग सह्या करून टाकू."

"आज नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा येते. मग सह्या."

"परत? समद्यापुढं तर मोजलं की आता!"

मी उत्तर द्यायच्या आधीच बाई उठली. साडीला चिकटलेली माती झटकत भावाला म्हणाली, "येऊ दे त्यांना उद्या. तू बी ये. आन् येताना लांब टेप घिऊन ये कुनाचा तरी."